प्रवेश आणि मज्जाव : दूरस्थ लॉगिनच्या निर्बंधांचा इतिहास

जे यंत्र आपण कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, जे शेकडो किंवा हजारो कोसांवरच्या एखाद्या थंड खोलीत अहोरात्र चालत असते, त्या यंत्रात आपल्या घरातील वा कचेरीतील पडद्यावरून नुसते नाव सांगून प्रवेश करावा, ही गोष्ट आज इतकी नित्याची झाली आहे की तीत काही विशेष घडते असे कोणाच्या मनातही येत नाही. विशेष वाटते ते प्रवेश नाकारला गेला म्हणजे. नाव बरोबर असते, पासवर्ड बरोबर असतो, काल संध्याकाळपर्यंत सर्व काही सुरळीत चाललेले असते, आणि आज सकाळी पलीकडून दोन-तीन शब्दांचे रूक्ष उत्तर येते, किंवा उत्तरच येत नाही. अशा वेळी यंत्र बिघडले असा बहुतेकांचा समज होतो. परंतु या नकारांपैकी पुष्कळसे नकार बिघाडातून उद्भवलेले नसतात. कोणी तरी, केव्हा तरी, विचारपूर्वक लिहून ठेवलेल्या नियमाचे ते तंतोतंत पालन असते. तो नियम कोणत्या आपत्तीनंतर लिहिला गेला, आणि तो आपले कारण अर्जदाराला का सांगत नाही, याला साठ वर्षांचा इतिहास आहे. आणि हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला नकाराचे निदान करणे पुष्कळच सुकर होते.

या इतिहासाचा आरंभ दूरस्थ प्रवेशापासून होत नाही. एकाच यंत्राचे अनेक वाटेकरी झाले तेव्हापासून होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात सीटीएसएस नावाची प्रणाली प्रथम चालवून दाखवली. तोपर्यंत संगणक एका वेळी एकाचेच काम करी, आणि इतरांना छिद्रित कार्डांचा गठ्ठा देऊन आपली पाळी येईपर्यंत ताटकळत बसावे लागे; या प्रणालीमुळे यंत्राचा वेळ क्षणाक्षणांनी वाटून अनेकांना एकदमच देता येऊ लागला. वाटेकरी अनेक झाल्यावर प्रत्येकाच्या फायली निराळ्या राखणे आणि प्रत्येकाने वापरलेल्या वेळेचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्तच होते, आणि याच गरजेतून प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड देण्याची वहिवाट पडली. तिच्या उल्लंघनासही फार काळ लागला नाही. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचा वेळ पुरत नाही म्हणून, पासवर्डांची फाइल छापून देण्याची मागणी छिद्रित कार्डावरून केली आणि यंत्राने ती बिनतक्रार पुरवली. १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच अवतरली. नियम असणे आणि नियमाचे रक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विद्येच्या शैशवातच असे प्रत्ययास आले.

अर्पानेट या नव्या जाळ्यावरून दूरच्या यंत्रात प्रवेश करण्याचा पहिला प्रयत्न अयशस्वी झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेतील चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संगणकात त्या जाळ्यावरून शिरण्यास सिद्ध झाला. पलीकडे बिल डुव्हॉल हे गृहस्थ होते, आणि दोघांच्याही कानाला टेलिफोन होता. ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर पाठवले, ते पोचल्याचे टेलिफोनवरून कळले. दुसरे पाठवले, तेही पोचले. तिसरे पाठवताच पलीकडची प्रणाली कोसळली. तिथली प्रणाली आज्ञेतील उरलेली अक्षरे आपण होऊन पुरी करी आणि ती एकदम परत पाठवी. तेवढी अक्षरे मावतील इतकी जागा मात्र कार्यक्रमात राखून ठेवलेली नव्हती. दोष सापडला, दुरुस्त झाला, आणि सुमारे तासाभराने प्रवेश साधला. या घटनेतील मर्म माझ्या मते असे आहे की अडचण अनुभवास आली ती अलीकडे आणि तिचे कारण सापडले ते पलीकडे. दोन्ही टोकांची माणसे एकमेकांशी बोलत होती म्हणूनच तासाभरात काम झाले. त्या रात्रीनंतर जे काही निर्बंध निर्माण झाले त्यांनी हे संभाषण उत्तरोत्तर अवघड केले.

दूरस्थ प्रवेशाच्या टेलनेट या पद्धतीचा पहिला आराखडाही १९६९ सालचाच आहे, आणि तिचे स्थिर स्वरूप १९८३ च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी निश्चित केले. या मधल्या काळातील वृत्ती आज आपल्याला विस्मयकारक वाटेल इतकी मोकळी होती. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील आयटीएस या प्रणालीवर पासवर्ड मुद्दामच ठेवलेला नव्हता. तिथे येईल त्याला मुभा होती, आणि परस्परविश्वासाने ज्ञान वाढते अशी तिथल्या मंडळींची निष्ठा होती. त्याच संस्थेच्या दुसऱ्या भागात मात्र मल्टिक्स नावाची जी विशाल प्रणाली आकारास येत होती, तिच्यात प्रत्येक दस्तऐवजाला एक यादी जोडलेली असे आणि कोणाला वाचण्याचा, कोणाला लिहिण्याचा, कोणाला चालवण्याचा अधिकार आहे हे त्या यादीत नावनिशीवार नमूद असे. हल्ली ज्याला अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात त्याची पद्धतशीर घडण येथे झाली.

मल्टिक्सच्या अनुभवावर आधारलेला जो प्रबंध जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला, त्यातील काही तत्त्वे आजही प्रमाण मानली जातात. प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा, हे एक. आणि निर्णयाचा पाया परवानगी हा असावा, मनाई हा नसावा, हे दुसरे. म्हणजे ज्याचे नाव परवान्याच्या यादीत नाही त्याला मज्जाव हीच मूळ स्थिती असावी, कारण नियम लिहिणाऱ्याकडून काही राहून गेले तरी या पद्धतीत फार तर एखाद्या हक्कदाराला ताटकळावे लागते आणि ती चूक लगेच उघडकीस येते. उलट पद्धतीत परका मनुष्य आत येतो आणि त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हक्काच्या माणसाला अधूनमधून नाहक नकार मिळणे हे या व्यवस्थेने आरंभापासूनच पत्करलेले मोल आहे.

नकार मुका का असतो, याचे उत्तर युनिक्स या प्रणालीच्या चरित्रात मिळते. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीच्या पासवर्ड-रक्षणाची हकिगत रॉबर्ट मॉरिस आणि टॉम्प्सन यांनी १९७९ साली एका लेखात सांगितली. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ८६ टक्के एक तर अगदी आखूड निघाले किंवा शब्दकोशात, नामावळीत सहज सापडण्याजोगे निघाले. त्यांवर उपाय म्हणून पासवर्ड मुद्दाम मंद अशा गणिती प्रक्रियेतून गूढ करून साठवण्याची योजना झाली. पण तीत एक सूक्ष्म छिद्र राहिले होते. नाव खरे असेल तरच ती मंद प्रक्रिया चाले, त्यामुळे खऱ्या नावाला उत्तर सुमारे अर्ध्या सेकंदाने मिळे आणि खोट्या नावाला तत्काळ. एवढ्या फरकावरून कोणते नाव अस्तित्वात आहे हे आगंतुकाला ताडता येई. लेखकांनी प्रक्रिया दोन्ही प्रसंगी सारखीच चालेल अशी तजवीज केली. नाव चुकले की पासवर्ड चुकला हे सांगू नये, इतकेच नव्हे तर उत्तराच्या विलंबातूनही ते उघड होऊ देऊ नये, ही परंपरा तेव्हापासून दृढ झाली, आणि तिचा परिणाम चोराइतकाच साव मनुष्यही भोगतो.

तरीही सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या आरंभी या सावधगिरीच्या शेजारीच भाबडा विश्वास नांदत होता. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्सची जी आवृत्ती बाहेर पडली, तिच्याबरोबर आरलॉगिन आणि आरएसएच ही साधने आली. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे नाव आपल्या विश्वासाच्या यादीत लिहिले की तिथल्या वापरकर्त्याला येथे पासवर्ड विचारला जात नसे. आणि वापरकर्त्यालाही आपल्या घरच्या डिरेक्टरीत ‘डॉट आरहोस्ट्स’ नावाची फाइल ठेवून अशी सवलत स्वतःच्या अधिकारात देता येई. पाहुण्याची ओळख त्याच्या यंत्राच्या नावावर आणि १०२४ च्या आतील पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर, अवलंबून होती, कारण तसा पोर्ट फक्त यंत्राच्या मुख्य प्रशासकालाच वापरता येई आणि प्रशासक हा प्रामाणिक असणारच असे गृहीत धरले होते. विद्यापीठांच्या लहानशा जगात हे गृहीतक निभावले. यंत्रे स्वस्त होऊन ज्याच्या त्याच्या मेजावर आली आणि जो तो आपापल्या यंत्राचा प्रशासक झाला, तेव्हा त्याचा पायाच ढासळला.

हे ढासळणे दोन घटनांनी जगजाहीर केले. १९८६ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटचा फरक आढळला. एवढ्या क्षुल्लक रकमेचा माग त्याने चिकाटीने काढला, येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडून आगंतुकाचे प्रत्येक अक्षर कागदावर उतरवले, आणि अखेर तो माग जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोचला. दुसरी घटना २ नोव्हेंबर १९८८ ची. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला एक कार्यक्रम यंत्रामागून यंत्र पादाक्रांत करीत सुटला. टपालाच्या आणि चौकशीच्या सेवांमधील दोषांचा त्याने जसा लाभ घेतला तसाच तो त्या विश्वासाच्या याद्या वाचून, आणि सोपे पासवर्ड ओळखून, एका यंत्रातून दुसऱ्यात शिरला. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रे, म्हणजे तत्कालीन इंटरनेटचा दहावा हिस्सा, बाधित झाली. ज्या मॉरिस यांनी पासवर्डांच्या दुर्बलतेवर तो लेख लिहिला होता, त्यांचाच हा पुत्र. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींच्या निवारणासाठी ‘सर्ट’ या केंद्राची स्थापना झाली, आणि विश्वासाच्या युगाची समाप्ती झाली.

यानंतर जे साधन आले त्याला दूरस्थ प्रवेशाच्या इतिहासात मी मानाचे स्थान देतो. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तांत्रिक विद्यापीठात कोणी अज्ञात इसम वारंवार शिरून यंत्रांवरील फायलींचा समूळ नाश करीत होता, आणि तो कोठून येतो हेच कळत नव्हते. तिथल्या वित्सा व्हेनेमा यांनी १९९० साली एक लहानसा कार्यक्रम लिहिला. तो सेवेच्या आधी उभा राहून येणाऱ्याचे ठिकाण नोंदवी आणि मग त्याला पुढे जाऊ देई. टीसीपी रॅपर हे त्याचे नाव. प्रथम त्याचे कार्य केवळ नोंद करण्याचे होते. आगंतुक कोणत्या दिशेने येतो हे त्या नोंदींवरून स्पष्ट झाल्यावरच त्या दिशेला मनाई करण्याची सोय त्यात करण्यात आली. आधी पाहणी, मग मज्जाव, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मनाईसाठी ‘होस्ट्स डॉट अलाऊ’ आणि ‘होस्ट्स डॉट डिनाय’ अशा दोन फायली असत. परवानगीची फाइल आधी वाचली जाई, तीत मेळ बसला की प्रवेश. न बसल्यास मनाईची फाइल, तीत मेळ बसला की नकार. आणि दोहोंतही उल्लेख नसला तर प्रवेश. म्हणजे सॉल्ट्झर-श्रोडर यांच्या तत्त्वाप्रमाणे वागायचे तर मनाईच्या फायलीत ‘सर्वांना मनाई’ असे स्वहस्ते लिहावे लागे. ज्यांनी ते लिहिले पण परवानगीच्या फायलीत आपलीच कचेरी लिहायची विसरले, ते स्वतःच बाहेर राहिले. शिवाय येणाऱ्याच्या आकडी पत्त्यावरून नाव आणि नावावरून पुन्हा पत्ता असा मेळ हे साधन घाली, आणि तो जुळला नाही तर संशयाने संबंध तोडी. त्यामुळे नावांच्या सर्व्हरवर झालेली चूक प्रवेशाच्या जागी नकाराच्या रूपाने प्रकट होई. अशा वेळी पासवर्ड विचारण्यापूर्वीच जोडणी तुटे, आणि ही खूण जाणत्याला पुरेशी होती.

याच सुमारास संपूर्ण संस्थेच्या सीमेवरच येणारी-जाणारी माहितीची पाकिटे तपासणारी फायरवॉल रूढ झाली, आणि विल्यम चेसविक व स्टीव्हन बेलोव्हिन यांच्या १९९४ सालच्या ग्रंथाने तिचे शास्त्र सर्वांपर्यंत पोचवले. फायरवॉलने नकाराचे दोन प्रकार केले. एकात ती पाकीट स्पष्टपणे परत धाडते, आणि आपल्याला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे तत्काळ कळते. दुसऱ्यात ती पाकीट गिळून स्वस्थ बसते, आणि आपण मुदत संपेपर्यंत वाट पाहतो.

१९९५ साल या कथेत निर्णायक ठरले. हेलसिंकी तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी वाहते पासवर्ड चोरून ऐकत असल्याचे उघडकीस आले. टेलनेट आणि आरलॉगिन यांच्यात ते उघड्या अक्षरांतच प्रवास करीत असत. तिथले संशोधक तातू इलॉनेन यांनी त्या वर्षी एसएसएच ही पद्धती रचून सर्वांस मोफत दिली. टेलनेटचा पोर्ट २३ आणि फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. या दोहोंच्या मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागितला आणि त्यांना मिळाला. वर्षाअखेरीस पन्नास देशांतील सुमारे वीस हजार लोक ही पद्धती वापरू लागले होते. १९९९ च्या डिसेंबरात ओपनबीएसडी प्रकल्पाने ओपनएसएसएच ही तिची मुक्त आवृत्ती दिली, आणि आज जगातील बहुसंख्य सर्व्हरांवर तीच नांदते आहे.

एसएसएचने प्रवास सुरक्षित केला, पण प्रवेशाचे नियम मात्र अधिक सूक्ष्म केले. तिच्या व्यवस्थापन-फायलीत ‘डिनाय यूझर्स’, ‘अलाऊ यूझर्स’, ‘डिनाय ग्रुप्स’ आणि ‘अलाऊ ग्रुप्स’ अशा चार आज्ञा याच क्रमाने पाहिल्या जातात. यांतील ‘अलाऊ यूझर्स’ ही आज्ञा नवख्यांना हमखास चकवते. ती लिहिलेली नसते तोवर सर्वांना मुभा असते. पण एखाद्या पाहुण्या अभियंत्यासाठी त्याचे एकट्याचे नाव त्या आज्ञेत लिहिले की उरलेले सर्व त्याच क्षणी बहिष्कृत होतात. आणि १९७९ ची परंपरा येथे पूर्णत्वास गेलेली दिसते : ज्याचे नाव यादीत नाही त्यालाही सर्व्हर नेहमीप्रमाणे पासवर्ड विचारतो, तो अचूक दिला तरी अमान्य करतो, पुन्हा विचारतो, आणि शेवटी ‘परमिशन डिनाइड’ म्हणून निरोप देतो. बिचारा मनुष्य आपलाच पासवर्ड चुकला असे समजून तो बदलून घेण्यासाठी धावपळ करतो. खरे कारण, म्हणजे हे नाव यादीत नसल्याने प्रवेश नाही, हे त्याच वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले गेलेले असते.

पुढच्या वर्षांत थरावर थर चढत गेले. सन कंपनीने १९९५ साली सुचवलेली आणि नंतर लिनक्सवर रुजलेली पॅम ही रचना ओळख पटवणे आणि खाते चालू आहे की नाही हे पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या करते. त्यामुळे पासवर्ड मान्य होऊनही, खात्याची मुदत संपली आहे किंवा या ठिकाणाहून या खात्याला मनाई आहे, अशा कारणाने जोडणी लगेच तुटू शकते. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने २००० च्या डिसेंबरात एसईलिनक्स खुले केले, आणि फायलीवर योग्य चिठ्ठी नसेल तर एरवी निर्दोष असलेली की-फाइलही, म्हणजे पासवर्डाऐवजी ओळख पटवणाऱ्या किल्लीची फाइलही, सर्व्हरला वाचता येईनाशी झाली. एसएसएच स्वतःही की-फाइल अथवा घरची डिरेक्टरी इतरांना लिहिण्यास मोकळी दिसली तर ती की-फाइल विचारातच घेत नाही. त्यात काळानुसार जुने गणित बाद होत गेले : २०१५ साली डीएसए प्रकारच्या किल्ल्या आणि २०२१ साली एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए स्वाक्षऱ्या ओपनएसएसएचने मूळ स्थितीत बंद ठेवल्या, आणि जुना सर्व्हर व नवा क्लायंट यांची भाषा जुळेनाशी झाली. खुद्द टीसीपी रॅपरचा आधार २०१४ साली ओपनएसएसएचमधून काढून टाकण्यात आला. त्या दोन फायलींवर विसंबून राहिलेल्यांपैकी ज्यांनी ती नवी आवृत्ती जशीच्या तशी घेतली त्यांची मनाई कागदावरच उरली.

आपल्याकडे ही विद्या परक्या देशाची वार्ता म्हणून आली नाही, ती रोजच्या कामातून आली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली एर्नेट हा उपक्रम सुरू झाला, आणि मुंबईतील जुहूचे एनसीएसटी व पवईचे आयआयटी हे त्याचे आद्य सहभागी होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकाला इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईतील कित्येक विद्यार्थ्यांनी मोडेमवरून निगमच्या यंत्रात लॉगिन करून केवळ अक्षरांच्या पडद्यावर पत्रे वाचली. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, आणि त्या परंपरेतील यंत्रांवर दूरदूरचे संशोधक आपापल्या गावाहून प्रवेश करून गणिते करतात. पुढे हिंजवडीत, ठाण्यात, अंधेरीत हजारो तरुण अमेरिकेतील व युरोपातील सर्व्हरांची निगा राखू लागले. त्यांना नकार मिळतो तेव्हा पलीकडचा प्रशासक बहुधा झोपलेला असतो, आणि १९६९ च्या रात्रीसारखा टेलिफोन कोणी कानाला लावून बसलेले नसते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा तर कचेरीच्या पत्त्यावरूनच येणाऱ्यांना मुभा असे लिहून ठेवलेले कित्येक नियम एका दिवसात हक्काच्याच माणसांवर उलटले.

अशा प्रसंगी काय करावे? जुन्या वाड्यात येणारा माणूस देवडीवर, पहिल्या चौकात, ओसरीवर किंवा माजघराच्या उंबरठ्यावर अडवला जाई आणि कोठे अडवला यावरूनच कोणी व कशासाठी अडवले हे समजे. तोच विवेक येथे लागू पडतो. काहीच उत्तर न येता मुदत संपली तर फायरवॉलचा किंवा वाटेचा विचार करावा. वारंवार चुकलेल्या प्रयत्नांमुळे पत्ता तात्पुरता बंद करणारी फेल-टू-बॅनसारखी साधनेही असतात, आणि हल्ली अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असल्याने एकाचे प्रायश्चित्त दुसऱ्याला भोगावे लागते, हेही ध्यानी ठेवावे. तत्काळ ‘रिफ्यूज्ड’ आले तर यंत्रापर्यंत किंवा निदान त्याच्या फायरवॉलपर्यंत आपण पोचलो आहोत, पण त्या पोर्टवर सेवा चालू नाही किंवा तिला कोणी झाकले आहे. जोडणी होऊन पासवर्डापूर्वीच तुटली तर रॅपरसारखे साधन, एका वेळी येणाऱ्यांच्या संख्येची मर्यादा, किंवा न जुळणारे जुने गणित यांकडे पाहावे. पासवर्ड पुन्हापुन्हा विचारून नकार आला तर केवळ पासवर्डावर संशय न ठेवता यादी, गट आणि की-फाइलीचे अधिकार तपासावेत. आणि पासवर्ड मान्य होऊन लगेच बाहेर काढले गेले तर खात्याची मुदत, पॅमचे नियम आणि त्या खात्याला नेमून दिलेला शेल पाहावा. क्लायंटला अधिक बोलके करण्याचा पर्याय वापरल्यास प्रवास कोणत्या टप्प्यापर्यंत गेला हे कळते; पण अंतिम कारण सर्व्हरच्या लॉगमध्येच मिळते. डेबियन कुळातील यंत्रांवर ते बहुधा ‘ऑथ डॉट लॉग’ या फायलीत आणि रेड हॅट कुळातील यंत्रांवर ‘सिक्युअर’ या फायलीत सापडते. ते वाचण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला आपले नाव, आपला पत्ता आणि प्रयत्नाची नेमकी वेळ कळवली, तर त्या लॉगमधील नेमकी ओळ सापडण्यास फारसा विलंब लागत नाही. उलट ज्याला हे ठाऊक नाही तो वीस वेळा पासवर्ड बदलतो आणि त्या खटाटोपात आपला पत्ताही बंद करून घेतो.

या इतिहासाकडे समग्रपणे पाहिले म्हणजे दोन गोष्टी मनावर ठसतात. पहिली ही की प्रत्येक निर्बंधामागे कोणाचे तरी खरेखुरे नुकसान आहे. आइंडहोव्हनच्या नष्ट झालेल्या फायली, हेलसिंकीचे चोरलेले पासवर्ड, १९८८ ची ती बाधित यंत्रे, यांच्यामुळेच हे नियम झाले, ते कोणी हौसेने लिहिलेले नाहीत. म्हणून प्रवेश नाकारला गेल्याच्या संतापात निर्बंध काढून टाकणारा मनुष्य इतरांच्या अनुभवावर पाणी सोडतो. दुसरी ही की आगंतुकापासून कारण लपवणे हे जसे आवश्यक, तसे आपल्याच माणसांपासून ते लपून राहणे हे दोषास्पद आहे. नियम लिहिणारा दोन वर्षांत दुसरीकडे जातो, नियम मात्र राहतो, आणि त्याच्या जागी आलेल्याला तो का आहे हे ठाऊक नसल्याने तो काढण्याचे धैर्यही होत नाही आणि ठेवण्याचे समर्थनही करता येत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती सर्व्हरांचा कारभार आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नियम अवश्य करा, कडक करा, पण प्रत्येक नियमाच्या शेजारी तो कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी केला हे दोन ओळींत लिहून ठेवा. बदल करताना आपली एक जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या जोडणीने प्रवेश होतो याची खात्री करा. आणि ज्याला नकार मिळेल त्या हक्काच्या माणसाने कोणाकडे दाद मागावी हे त्याला आगाऊ सांगून ठेवा.